गरीब व होतकरू

पुण्यांतील एखाद्या जुन्या शिक्षणसंस्थेचा वार्षिक अहवाल उघडला, तर देणग्यांच्या पानावर एक शब्दप्रयोग हटकून आढळतो. अमक्या गृहस्थांनीं आपल्या कैलासवासी मातोश्रींच्या स्मरणार्थ इतके रुपये दिले असून त्यांच्या व्याजांतून दरसाल एका 'गरीब व होतकरू' विद्यार्थ्यास साहाय्य व्हावें, अशी त्यांची इच्छा आहे. पिढ्यान् पिढ्या हा प्रयोग आपल्या कानांवर इतका पडला आहे कीं, तो एकच शब्द असावा असें वाटूं लागलें आहे. वस्तुतः ते दोन शब्द आहेत, आणि त्यांच्या मध्यें उभा असलेला 'व' दारावरील पहारेकऱ्याचें काम करतो. नुसत्या गरिबाला तो आंत सोडीत नाहीं. होतकरूपणाचा दाखला आधीं मागतो. या 'व' विषयीं आज थोडें लिहावयाचें आहे.

ज्यांच्या डोक्यावरचें छप्पर जाण्याच्या बेतांत आहे, किंवा गेलेलेंच आहे, असे तरुण पुण्यासारख्या शहरांत नाना प्रकारचे असतात. बालगृहांत वाढून १८ वर्षें पुरीं झाल्यामुळें तेथून बाहेर पडलेला मुलगा. आईबाप वारल्यावर चुलत्यांच्या घरीं नकोशी झालेली मुलगी. मनाविरुद्ध ठरलेलें लग्न टाळण्यासाठीं गांवाहून निघून आलेली दुसरी. बापाच्या दारूला आणि माराला कंटाळून स्टेशनच्या फलाटावर येऊन राहिलेला पोरगा. यांच्यांतच आणखी एक वर्ग आहे, त्याला बेघर म्हणण्याची आपल्याला संवय नाहीं. सदाशिव व नारायण पेठांतील खोल्यांतून खाटेच्या भाड्यानें राहणारे, दिवसभर अभ्यासिकेंत बसणारे, स्पर्धापरीक्षांत तीनचारदां अपयश घेतलेले आणि आतां घरून पैसे येणें बंद झालेले ते विद्यार्थी. यांना घर नाहीं असें कोणी म्हणणार नाहीं. गांवीं घर आहे, आई आहे, कदाचित् दोनचार एकर कोरडवाहू जमीनहि आहे. पण ज्या घरीं परतावयाचें तर साहेब होऊनच परतलें पाहिजे, तें घर त्या मुलापुरतें घर उरलेलें नसतें. २०२० च्या मार्च महिन्यांत टाळेबंदी झाली, खानावळी व अभ्यासिका एका दिवसांत बंद पडल्या, तेव्हां या पेठांतून राहणाऱ्यांचे हाल शहराला थोडे दिवस दिसले. पुढें खानावळी उघडल्या आणि ते दिसेनासे झाले.

या सर्वांना आपण साहाय्य द्यावयाचें तें कोणत्या नात्यानें? ते उद्यां कोणी तरी होणार आहेत म्हणून, कीं आज रात्रीं त्यांना निजावयास जागा नाहीं म्हणून? पहिल्या उत्तराची आपल्याला फार संवय झाली आहे. दुसरें उत्तर दिलें तर त्यांतून काय काय पत्करावें लागतें, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतों.

पुणेकरांच्या काटकसरीवर महाराष्ट्रांत पुष्कळ विनोद चालतात, आणि त्यांतील कांहीं खरेहि असतील. परंतु परक्या मुलाला जेवूं घालण्याची येथील राहटी जुनी आहे. विद्येसाठीं आलेला मुलगा झोळी घेऊन ठराविक घरांपुढें उभा राही आणि मिळेल तें शिजलेलें अन्न गोळा करून आणी, ही माधुकरी. तिच्याहून सुधारलेली रीति वारांची. सोमवारीं एकाकडे, मंगळवारीं दुसऱ्याकडे, असे सात घरीं सात वार लागले म्हणजे मुलाचा आठवडा भागे. या व्यवस्थेंत समिति नव्हती, निधि नव्हता, अहवालहि नव्हता. एका घराला जें जड गेलें असतें तें सात घरांत वांटलें गेल्यामुळें कोणालाच जड होत नसे. शिवाय मुलगा घरच्या पंक्तीला बसे. त्याचें तोंड उतरलें, जेवण कमी झालें, तर तें वाढणाऱ्या बाईच्या ध्यानांत येई. वसतिगृहाच्या भोजनालयांत दोनशें ताटें मांडलेलीं असतात तेथें हें कोणाच्या ध्यानांत यावें?

परंतु जुन्याचे गोडवे गातांना त्या पंक्तीला कोण बसूं शके, हेंहि सांगितलें पाहिजे. ती ब्राह्मणाच्या मुलाची पंक्ति होती. मावळांतून किंवा साताऱ्याकडून शिकावयास आलेला कुणब्याचा मुलगा त्या उंबऱ्याशीं उभा राहूं शकत नव्हता. अस्पृश्य मानलेल्या मुलाची तर गोष्टच बोलावयास नको. म्हणजे 'गरीब व होतकरू' यांच्याहि आधीं एक तिसरा शब्द होता, आणि तो इतका गृहीत धरलेला होता कीं लिहावा लागत नसे. ज्याला वार मिळत त्याचेंहि सारें सुखाचें नसे. निकाल लागला म्हणजे सात घरीं सातदां गुण सांगावे लागत, आणि कमी पडले तर पुढच्या घासाची चव बदले. आपण येथें पोटासाठीं नसून परीक्षेसाठीं बसलों आहों, हें त्या मुलाला कळत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या राहटीची जागा संस्थांनीं घेतली. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्यें तो हिंगण्यास नेला. १९०९ सालीं पुण्यांत अनाथ विद्यार्थी गृह निघालें. त्यानें लोकसंग्रह नांवाचा स्वतःचा छापखाना चालविला आणि पुढें मुद्रणविद्येचें विद्यालयहि काढलें. या दोन्ही संस्थांच्या इतिहासांत एक लहानशी गोष्ट सारखी आहे. दोघींनींहि पुढें आपल्या नांवांतून 'अनाथ' हा शब्द काढून टाकला. एक आज पुणें विद्यार्थी गृह आहे, दुसरी महर्षि कर्वे स्त्री शिक्षण संस्था. नांवांतील एका शब्दानें काय होतें, असें जो म्हणेल त्यानें तो शब्द प्रत्येक दाखल्यावर, प्रत्येक प्रमाणपत्रावर आयुष्यभर वागवून पाहावा. ज्या घरानें आश्रय दिला त्याचें नांव सांगतांना मान खालीं घालावी लागावी, हें आश्रय देणाऱ्यालाहि शोभणारें नव्हे.

जातीचा उंबरठा मोडण्याचें काम दुसऱ्यांनीं केलें. शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरास १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठीं वसतिगृहें उभीं केलीं. विठ्ठल रामजी शिंदे यांनीं १९०६ सालीं मुंबईस सुरू केलेल्या मिशनचें काम पुण्यासहि आलें. आणि १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊराव पाटलांनीं १९२४ मध्यें साताऱ्यास जें वसतिगृह काढलें, त्यांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहूं व जेवूं लागलीं. तेथील मुलांच्या धान्यासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटीं मंगळसूत्रहि दिलें, ही गोष्ट महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं आहे. ती सांगतांना आपण लक्ष्मीबाईंच्या त्यागावर थांबतों. मला त्यांत दुसरेंच कांहीं अधिक महत्त्वाचें वाटतें. घरांतलें धान्य संपलें असतां आई जें करते तें त्यांनीं केलें. त्या दिवशीं जेवणाऱ्या मुलांपैकीं हुशार कोण आणि मठ्ठ कोण, हा हिशोब त्यांत नव्हता.

पुण्यांतच १९५५ सालीं डॉ. अच्युत शंकर आपटे यांनीं विद्यार्थी सहाय्यक समिति स्थापन केली. खेड्यापाड्यांतून आलेल्या हजारों मुलामुलींना तिच्या वसतिगृहांनीं उभें केलें आहे. अशा संस्थांविषयीं कृतज्ञतेवांचून दुसरें कांहीं बोलणें कृतघ्नपणाचें होईल. त्यांच्या चालकांची अडचणहि समजण्यासारखी आहे. जागा दहा आणि अर्ज शंभर आले, तर निवड करणें भाग पडतें; आणि निवड करावयाची तर वशिल्यापेक्षां गुण बरे. येथवर कोणाचा वाद नाहीं. घोटाळा पुढें होतो. जागा थोड्या म्हणून जो नियम नाइलाजानें पत्करला, त्याला समाजानें हळूहळू नीतीचा नियम करून टाकलें. ज्या नव्वदांना जागा मिळाली नाहीं त्यांना ती मिळावयास नकोच होती, असें आपण मनाशीं ठरवून मोकळे झालों.

याच शहरांत या विचाराच्या अगदीं उलट टोकाला उभें राहिलेलें एक घर होऊन गेलें. १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. फसलेल्या विधवांनीं येथें येऊन गुप्तपणें बाळंत व्हावें, मूल न्यावें किंवा येथेंच ठेवावें, अशा अर्थाचीं जाहिर पत्रकें शहरांत लागलीं. त्या काळच्या पुण्यांत हें किती धाडसाचें होतें, याची कल्पना आज करणें कठीण आहे. येणारीला तेथें कोणतीहि पात्रता विचारली जात नव्हती. समाजाच्या मतें तर तिची पात्रता उणेंच होती. अशाच एका ब्राह्मण विधवेचें मूल फुले दांपत्यानें १८७४ सालीं दत्तक घेतलें. तो यशवंत पुढें डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची सेवा करतांना सावित्रीबाई वारल्या तेव्हां तीं दोघें एकाच कामांत होतीं. 'पाहा, दत्तक घेतलेलें मूल किती होतकरू निघालें!' असें म्हणण्याचा मोह येथें होतो. पण १८७४ सालीं तें तान्हें होतें. तें डॉक्टर होईल कीं उनाड निघेल, हें कोणासच ठाऊक नव्हतें, आणि त्याला घरांत घेतांना कोणी तें विचारलेंहि नाहीं.

तान्ह्या मुलाच्या बाबतींत हें आपल्याला पटतें. तान्ह्याला कोणी होतकरूपणाचा दाखला मागत नाहीं. पाळण्यांतलें अनाथ मूल पाहून कठोर माणूसहि विरघळतो. पांचव्या वर्षीं ही माया थोडी कमी होते, दहाव्या वर्षीं आणखी कमी, आणि मिसरूड फुटल्यावर त्याच मुलाकडे आपण संशयानें पाहूं लागतों. मूल तेंच, त्याचें अनाथपणहि तेंच, किंबहुना आईबाप नसल्याची खरी जाणीव त्याला याच वयांत होऊं लागलेली असते. बदललेलें असतें तें इतकेंच कीं, आतां तें उलट उत्तर देऊं शकतें, चूक करूं शकतें, आपल्या उपकाराला नाकारूं शकतें.

कायद्यानेंहि या वयाची रेघ ओढली आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ति मूल आहे आणि तिच्या रक्षणाची जबाबदारी शासनावर आहे. १८ वर्षें पुरीं झालीं कीं बालगृहाचा दरवाजा मागें लागतो. याच कायद्याच्या ४६ व्या कलमांत अशा बाहेर पडणाऱ्यास समाजांत मिसळतां यावें म्हणून आर्थिक साहाय्य 'देतां येईल' असें म्हटलें आहे. 'दिलें पाहिजे' असें म्हटलेलें नाहीं. अनुरक्षणाची ही सोय २१ व्या वर्षापर्यंत, आणि विशेष परिस्थितींत २३ व्या वर्षापर्यंत, नेतां येते. त्यासाठीं अनुरक्षणगृहांची योजना आहे, आणि 'मिशन वात्सल्य' च्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत दरमहा ४,००० रुपये सांगितलेले आहेत. पुण्यांत एका खाटेचें भाडें आणि दोन वेळची खानावळ यांचा हिशोब ज्यानें अलीकडे केला असेल, त्याला या रकमेवर भाष्य नको. तरीहि ती सर्वांस मिळाली असती तर मोठें काम झालें असतें. 'देतां येईल' या क्रियापदाचा स्वभावच असा आहे कीं, तें माहीतगाराच्या पदरांत पडतें आणि बुजऱ्याला चुकवतें.

आपल्या स्वतःच्या घरांत आपण कसें वागतों? मुलगा १८ वर्षांचा झाला म्हणून त्याची वळकटी कोणी अंगणांत ठेवीत नाहीं. आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांत तर याच वयापासून खरा खर्च सुरू होतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे वडील १८७९ सालीं वारले तेव्हां गोपाळ तेरा वर्षांचे होते. थोरले बंधु गोविंदराव शिक्षण सोडून कागल येथें १५ रुपयांवर नोकरीस राहिले आणि त्यांतील ८ रुपये दरमहा कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवूं लागले. हीहि गोष्ट आपण मुलांना सांगतों, पण ती नेहमीं शेवटापासून मागें सांगतों. भाऊ पुढें नामदार गोखले झाले म्हणून ते ८ रुपये सार्थकीं लागले, असा तिचा सूर असतो. समजा, गोपाळराव नापास झाले असते, एखाद्या कचेरींत कारकून होऊन निवृत्त झाले असते. मग गोविंदरावांनीं ते रुपये व्यर्थ घालविले असें आपण म्हणणार आहों काय? गोविंदराव भावाला पाठवीत होते. भारतसेवक समाजाच्या भावी संस्थापकाला पाठवीत नव्हते.

ज्याला असा भाऊ नाहीं त्याच्याजवळ निदान कागद असावेत, अशी आपल्या व्यवस्थेची अपेक्षा असते. आणि नेमके कागदच त्याच्याजवळ नसतात. जन्माचा दाखला, जातीचा दाखला, अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. प्रत्येक अर्जावर 'कायमचा पत्ता' नांवाचा एक रकाना असतो. ज्याला आज रात्रीचा पत्ता नाहीं त्यानें तेथें काय लिहावें? अनाथालयांत वाढलेल्या मुलांना बापाच्या जातीचा दाखला आणतां येत नाहीं, म्हणून खुल्या गटांत उभें राहावें लागे. स्पर्धापरीक्षेंत या अडचणीचा अनुभव आलेल्या एका तरुणीनें शासनाकडे दाद मागितली, आणि २०१८ सालीं महाराष्ट्रांत अनाथांसाठीं १ टक्का समांतर आरक्षण आलें. हें फार चांगलें झालें. पण त्याचा लाभ घेण्यासाठीं अनाथ असल्याचाहि दाखला लागतो, हें ओघानें आलेंच.

ही कागदांची कथा आपल्याकडे नवी नाहीं. आळंदीच्या चार भावंडांचे आईबाप गेले, गांवानें त्यांना जवळ केलें नाहीं, आणि शुद्धिपत्र आणण्यासाठीं त्यांना पैठणास जावें लागलें, असें परंपरा सांगते. तेथें ज्ञानदेवांनीं रेड्याच्या मुखीं वेद वदविले तेव्हां कोठें ब्रह्मवृंदानें मान तुकविली. लहानपणापासून हा चमत्कार आपण भक्तीनें ऐकत आलों. आश्रय देण्याघेण्याच्या दृष्टीनें त्याकडे पाहिलें तर मात्र मन खट्टू होतें. पोरक्या मुलांना समाजांत घ्यावयास रेड्याकडून वेद म्हणवावे लागले! ज्या मुलाला तें साधणार नाहीं त्याची वाट काय? निवृत्ति, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता यांच्यासारखीं भावंडें शतकांतून एकदां होतात. फलाटावर येणारीं मुलें बहुतेक साधारण असतात.

छांदोग्य उपनिषदांतला सत्यकाम या ठिकाणीं कोणाला आठवेल. गोत्र विचारल्यावर 'आईला तें माहीत नाहीं' असें त्यानें गौतमांना सरळ सांगितलें, आणि गौतमांनीं त्याला शिष्य म्हणून जवळ घेतलें. कथा मोठी उदार आहे. तरी बारकाईनें पाहतां तेथेंहि पात्रता आहेच: सत्य सोडलें नाहीं म्हणून तो ब्राह्मण ठरला. घाबरून तो मुलगा खोटें गोत्र बोलला असता तर? निराधार मुलें पुष्कळदां खोटें बोलतात. कोठून आलास, बाप काय करतो, या प्रश्नांना खरें उत्तर दिल्यावर काय होतें हें त्यांनीं अनुभवलेलें असतें. त्यांचें खोटें हा त्यांच्या जवळचा एकुलता एक आडोसा असतो. अशा मुलाला सत्यवादी होईपर्यंत उन्हांत उभें करणें आणि सांवलींत घेऊन सत्याची संवय लावणें, यांतला दुसरा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

यावर जो आक्षेप येतो तो हलका नाहीं. अट नसेल तर आळस वाढेल, घेणारे घेतच राहतील, देणाऱ्याचे कष्टाचे पैसे उडतील. इंग्लंडनें १८३४ सालीं आपला दारिद्र्याचा कायदा याच भीतीनें बदलला. साहाय्य घेणाऱ्याची स्थिति सर्वांत गरीब मजुराहूनहि वाईट असली पाहिजे, असें सूत्र ठरवून अनाथाश्रमवजा कामगृहें उभीं केलीं. आळशी माणसें त्यामुळें उद्योगी झालीं किंवा कसें, यावर वाद घालतां येईल. परंतु म्हातारीं, मुलें आणि बाळंतिणी त्या भिंतींआड काय भोगीत होत्या, हें सर्वांना ठाऊक आहे. याउलट फिनलंडनें २००८ पासून 'आधीं घर' हें धोरण धरलें. व्यसन सुटलें, नोकरी लागली, वागणूक सुधारली म्हणजे घर, असा क्रम तेथें उलटा केला: घर आधीं द्यावयाचें आणि बाकीचें तेथें बसून निस्तरावयाचें. बेघरांची संख्या तेथें त्यानंतर पुष्कळ घटली. फिनलंड लहान आणि श्रीमंत देश आहे, हें खरें. पण क्रमाचा प्रश्न पैशाचा नाहीं.

तरीहि एक अडचण उरते आणि ती मी टाळूं इच्छीत नाहीं. वसतिगृहांतल्या एका मुलानें शेजारच्या खाटेवरल्या मुलाचे पैसे चोरले, दुसऱ्यांदां चोरले, चाकू दाखविला. आतां? त्या शेजाऱ्यालाहि दुसरें घर नाहीं; त्याचें रक्षण करणें हेंहि कर्तव्यच आहे. अशा वेळीं त्या मुलाला त्या खोलींतून काढावें लागेल, आणि काढणाऱ्याला दोष देतां येणार नाहीं. मात्र खोलींतून काढणें आणि जबाबदारींतून काढणें या दोन गोष्टी आहेत. घरांतला मुलगा असा वागला तर त्याला आपण मामाकडे पाठवितों, दुसऱ्या गांवीं ठेवितों, वर्षभर बोलत नाहीं. परंतु तो कोठें आहे, जेवला कीं नाहीं, हें कोणी तरी विचारीत असतें. संस्थेनें नांव कमी केल्यावर त्या मुलाविषयीं असें विचारणारें कोणी उरत नाहीं. राहण्याला नियम असावेत. नियमांवांचून दहा माणसें एकत्र राहूं शकत नाहींत. पण नियम मोडला कीं मनुष्यच यादींतून जातो, ही पद्धति कोणत्याहि कुटुंबाची नव्हे. आणि नापास होणें हा तर नियमभंगहि नाहीं. पुण्यांतील किती शिष्यवृत्त्या व किती मोफत खाटा एका वर्षाच्या नापासीनें जातात, याचा विचार देणगीदारांनीं अवश्य करावा. ज्याच्या पाठीशीं घर आहे त्याला दुसऱ्यांदां परीक्षेस बसतां येतें. ज्याला नाहीं त्याला एकदांच बसण्याची मुभा असते, आणि त्यांत तो पडला तर त्याच दिवशीं खाट सुटते.

सगळें ओझें संस्थांवर टाकून आपण अलिप्त राहावें, हेंहि बरें नाहीं. आज पुण्यांतील कितीएक मध्यमवर्गीय घरांत मुलें परदेशीं गेलेलीं आहेत आणि मागें दोन माणसें व तीन खोल्या उरल्या आहेत. दुसरीं घरें कुलूप लावून ठेवलेलीं आहेत. खोली भाड्यानें द्यावयाची तर दलालाला पहिली सूचना असते कीं, एकटा मुलगा नको, कुटुंबच पाहिजे. मग आडनांव विचारलें जातें, गांव विचारलें जातें, मांसाहाराची चौकशी होते, आणि शेवटीं अनामत रक्कम व जामीन राहणारा मनुष्य. बालगृहांतून कालच बाहेर पडलेल्या मुलानें जामीन कोणाला आणावें? येथें दानाचा प्रश्नच नाहीं. तो भाडें देण्यास तयार असतो, कोठें तरी कामहि करीत असतो. त्याला हवा असतो तो एक मनुष्य, जो घरमालकाला सांगेल कीं, याला मी ओळखतों.

वारांची पद्धतहि नव्या रूपानें येऊं शकेल. एका घरानें एका मुलाला किंवा मुलीला आठवड्यांतून एक दिवस जेवावयास बोलवावें. जात विचारूं नये. आणि, हें त्याहून कठीण आहे, गुण विचारूं नयेत. आपल्या घरांत परीक्षेवांचून दुसरें बोलणेंच नसतें, त्यामुळें पहिले दोनतीन रविवार बोलण्यास विषय सांपडणार नाहीं. क्रिकेट आहे, पाऊस आहे, भाजीचे भाव आहेत. मुलगा दोन आठवडे आला नाहीं तर फोन करून कां आला नाहींस तें विचारावें, आणि तो कांहीं तरी लपवितो आहे असें दिसलें तर पुढच्या रविवारचें जेवण काय आहे एवढेंच सांगावें. त्याला कोठें अर्ज करावयाचा असेल आणि त्या रकान्यांत लिहावयास पत्ता नसेल, तर पत्रव्यवहारासाठीं आपल्या घराचा पत्ता द्यावा. बँकेचें पाकीट, परीक्षेचें प्रवेशपत्र, कधीं नकाराचें पत्र, असें त्याच्या नांवाचें टपाल मग आपल्या दारीं येऊं लागेल. तें न उघडतां एका ठराविक फळीवर ठेवावें, आणि तो आला म्हणजे त्याच्या हातांत द्यावें.